भिंतीची उलटतपासणी

“वाचू नका साहेब, बघा!” असे म्हणून तो ब्रश तसाच हातात धरून रस्ता ओलांडी, पलीकडे उभा राहून एक डोळा मिटी आणि स्वतःच्याच चित्राकडे पाहत तिथूनच ओरडे, “पयल्यांदा काय दिसलं? तेवढंच सांगा. मागनं काय दिसलं ते माज्या कामाचं न्हाय.” मधून सायकली जात, टांगे जात, धार काढायच्या दूध-कट्ट्याकडे निघालेल्या म्हशी जात. त्याला कशाचीच पर्वा नसे.

कोल्हापुरात आमच्या पेठेत त्याला सगळे ‘पेंटर’ म्हणत. मीही तेवढेच म्हणणार आहे. आपल्यापैकी ज्यांनी त्या काळी भिंतींवरची साबणाची, विड्यांची आणि टॉनिकांची चित्रे पाहिली असतील, त्यांनी त्याचा हात पाहिलेलाच आहे.

मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. निवृत्त झाल्यावर मला पत्रे लिहिण्याचा नाद लागला, असे लोक म्हणतात. नाद नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे आणि तो मी अद्याप सोडलेला नाही. शाळेसमोरच्या उघड्या गटारीविषयी मी चार वर्षे पत्रे लिहीत होतो. पेठेतील गटारी आणि सार्वजनिक भिंती ज्या कचेरीच्या ताब्यात होत्या, तिचे नाव लिहून मी तिला मान देणार नाही. प्रत्येक पत्राला कलमे असत, परिशिष्टे असत. उत्तर एकच येई : “आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविले आहे.”

पेंटरने एकदा माझे पत्र उलटेसुलटे करून पाहिले. “लई भारी लिवलंय साहेब. पन ह्यात पोरगं कुठं हाय?”

“कोणते पोरगे?”

“गटारीत पडणारं.”

दुसऱ्या दिवशी त्याने एका जुन्या फळीवर शाळेचे दप्तर अडकवलेली एक मुलगी काढली. तिचा एक पाय गटारीच्या काठावर, दुसरा हवेत. खाली एक अक्षरही नव्हते. फळी गटारीपाशी ठेवली. आठ दिवसांत गटारीवर फरशा पडल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र संतापलो. चार वर्षांच्या तर्कशुद्ध निवेदनाला जे जमले नाही, ते एका फळीला जमावे, ही गोष्ट कायद्यावर विश्वास असलेल्या माणसाला सहन होत नाही.

तो हसून म्हणाला, “राग नको. ह्यो धंदाच तसा हाय. भ्या दावलं की मानूस पळतोय. लाज दावली की गप बसतोय. पन वळखीचं तोंड दावलं, की चपला काढून घरात घेतोय बघा.”

हे शेवटचे वाक्य मी तेव्हाच गांभीर्याने घ्यायला हवे होते.

पुढे बाहेरगावची एक कंपनी लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचे डबे घेऊन आली. जोतिबापासून चंदगडपर्यंतच्या भिंती रंगवण्याचे काम पेंटरला मिळाले. कंपनीच्या नमुन्यात एक गोरीपान, कापलेल्या केसांची बाई होती. पेंटर म्हणाला, “ही कुनाची कोन?” आणि पेठेतल्या सरकारी भिंतीवर त्याने तिच्या जागी आमच्या आक्कांना काढले.

आक्का म्हणजे दवाखान्यातल्या सुईणबाई. अर्धी पेठ त्यांच्या हातावर जन्मलेली. पेंटरची तिन्ही मुलेसुद्धा. तेच ठसठशीत कुंकू, तीच किंचित तिरपी मान. हातात डबा. खाली कंपनीचे वाक्य : “जाणती आई हेच पाजते.” आक्कांना कोणी विचारले नव्हते. त्या स्वतः तर प्रत्येक बाळंतिणीला दटावून अंगावरचे पाजायला लावत.

आक्का भिंतीसमोर येऊन उभ्या राहिल्या. “पेंटर, हे मी कधी म्हनलं रं?”

“तुमी कुठं म्हनलाय आक्का? नुसतं चित्र हाय की. बरं आलंय का न्हाय?”

“बरं आलंय, म्हनून तर इचारते.”

तो खाली पाहू लागला. चूक त्याला समजली होती आणि तो चुन्याची बादली आणायला निघालाही होता. त्याला अडवले ते मी.

वाचकहो, न्यायालयात खोटे बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. भिंतीची उलटतपासणी कोण घेणार? ती दिवसभर तेच तेच सांगत उभी असते आणि समोरून जाणारा प्रत्येकजण तिचे एकतर्फी ऐकून घेतो. एका बाईच्या अब्रूचा आणि विश्वासाचा हा उघड गैरवापर होता. मी आनंदाने पेटलो. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो खटला सापडला होता. मी कंपनीला लिहिले, कचेरीला लिहिले, वृत्तपत्रांना लिहिले. आणि पेंटरला रीतसर लेखी नोटीस दिली : “सदर चित्र हा पुरावा असून, निकाल लागेपर्यंत त्यास कोणत्याही प्रकारे हात लावू नये, अन्यथा पुरावा नष्ट केल्याचा ठपका आपणावर येईल.”

पेंटरने ती घडी घालून खिशात ठेवली.

कंपनीचे उत्तर आले : चित्रातील स्त्री पूर्णतः काल्पनिक आहे. कचेरीचे उत्तर आले : जाहिरातीस रीतसर परवाना आहे. मी प्रत्युत्तरे लिहीत राहिलो. दोन महिने गेले. दोन महिने आक्का भिंतीवर डबा धरून उभ्या होत्या.

आक्कांच्याच हातावर जन्मलेली आमच्या गल्लीतली एक मुलगी गडमुडशिंगीला दिली होती. माहेरपणानंतर बाळाला घेऊन ती एस.टी.ने त्या भिंतीसमोरून गेली आणि जाताना डबा घेऊन गेली. डबा महाग, तो जास्त दिवस पुरावा म्हणून ती पावडर पातळ करी. पाणी आडाचे. बाळाला हगवण लागली आणि ते गेले.

तिचा बाप आक्कांच्या दारात येऊन उभा राहिला. शिवी दिली नाही. एवढेच म्हणाला, “तुमचं तोंड बघून पोरीनं डबा आनला हो आक्का. दुसऱ्या कुनाचं असतं तर आनला नसता.”

आक्का तशाच तडक पेंटरच्या घरी गेल्या. मी मागोमाग. त्या ओरडल्या, “दोन म्हयनं! दोन म्हयनं का ठेवलंस ते भिंतीवर?”

पेंटरने खिशातून कागद काढला. घामाने त्याच्या घड्या फाटल्या होत्या. “साहेबांचा कागद हाय आक्का. हात लावायचा न्हाय म्हनून.”

आजवर मी किती पत्रे लिहिली असतील याची गणती नाही. त्यांपैकी एकाच पत्राची कोणी अक्षरशः अंमलबजावणी केली. ते हे.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या पेंटरला म्हणाल्या, “ऊठ. तोंड ठेव, डबा पूस. माजं तोंड वापरलंस न्हवं? आता माज्या तोंडचं लिव.”

भरदुपारी, सगळ्या पेठेसमोर त्याने डबा पुसला. त्या जागी पदराआड पाजणारी एक आई काढली आणि खाली लिहिले : “बाळाला अंगावरचं पाजा. मी हेच सांगत आले.” या वेळी तो रस्त्यापलीकडे गेला नाही. कोणाला काही विचारलेही नाही.

आणि आता त्या कचेरीची तत्परता पाहा! चार वर्षे जिला गटार दिसली नाही, तिला हे चित्र चौथ्या दिवशी दिसले. विनापरवाना मजकूर. माणसे आली, चुना मारून गेली. वर सार्वजनिक भिंत विद्रूप केल्याचा खटला पेंटरवर भरला. पहिल्या चित्राला परवाना होता, म्हणून ते निर्दोष. दुसऱ्याला नव्हता, म्हणून तो गुन्हा. हा कायदा मी तीस वर्षे हाताळला आणि त्याचा हा चेहरा मला तोपर्यंत दिसला नव्हता, याची मला लाज वाटते. ती शमलेली नाही, शमू नये.

खटल्याच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. बाहेर बाकावर मी त्याला बचावाचे सहा मुद्दे पढवले. त्याने मान डोलावली आणि आत गेल्यावर एकही मांडला नाही.

“गुन्हा कबूल आहे?” न्यायाधीशांनी विचारले.

“कबूल हाय साहेब,” पेंटर म्हणाला. “पन पयल्या चित्राचा. ह्या दुसऱ्याचा न्हाय.”

“समोरच्या आरोपापुरते बोला. कबूल की नाकबूल?”

“तेच सांगतोय की. पयल्याचा कबूल.”

कोणीतरी हसले. पुढचे प्रकरण पुकारले गेले.

पेंटर त्यानंतर तोंडे काढीनासा झाला. एस.टी.च्या पाट्या, दुकानांची नावे, घरांचे क्रमांक एवढेच रंगवी. गेल्या वर्षी तो गेला. आक्का त्याच्याआधीच गेल्या होत्या. तो गेल्यावर मी न्यायालयात अर्ज करून त्या खटल्याची सही-शिक्क्याची नक्कल मागवली. नक्कल स्वच्छ आहे, अक्षर सुवाच्य आहे. तिच्यात लिहिले आहे : “आरोपीस गुन्हा कबूल.” त्यापुढे पूर्णविराम आहे.

त्या नोंदीत दुरुस्ती व्हावी म्हणून मी अर्ज केला. तशी तरतूद नसल्याचे उत्तर आले. म्हणून त्याचे पुरे वाक्य मी येथे, आपणां सर्वांसमक्ष, नोंदवून ठेवले आहे; आणि माझी नोटीसही त्याच्या शेजारी लावली आहे.