तिचाच मोह कसा वाचला

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. विषय जवळ आला की पाणी प्यायला उठायचो.

मी वनरक्षक होतो. नोकरीचं शेवटचं वर्ष, मुलचेऱ्याकडचं जंगल, मोहफुलं गळायचे दिवस. तिकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. फुलं वेचणं सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून जंगल पेटतं. म्हणून मी गावोगाव सांगायचो, जाळू नका, खराट्यानं झाडा. सांगताना बोटांत सिगारेट असायची. थोटूक कुठं पडतं ते मी पाहत नसे. पावसाळा उलटला तरी पायवाटेवर फिल्टर तसेच पडलेले दिसायचे. त्या वाटेनं सिगारेट ओढत जाणारा मी एकटाच.

त्या दुपारी एका म्हाताऱ्या बाईच्या मोहाजवळ मी थोटूक टाकलं आणि पुढे गेलो. तासाभरानं परतलो तेव्हा उतार पेटला होता.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गाव जमलं. बाई खराटा घेऊनच आली.

"म्या जाळलं नाई जी, गार्डसाहेब. तुमीच सांगतलं ना, झाडा म्हणून? हे पाहा, झाडलं."

तिच्या मोहाखाली स्वच्छ मातीचं रिंगण होतं. आग पायवाटेकडून आली आणि त्या रिंगणाशी थांबली होती. आजूबाजूचे मोह होरपळले होते, तिचा हिरवा होता.

"सगळ्याईचे जळले, हिचाच काऊन वाचला?" शेजारी म्हणाला. "बुढीनं आपल्यापुरतं झाडलं अन् ढीग आमच्या अंगावर पेटवला!"

लोक हसले. ढीग कुठंच जळलेला नव्हता. पाला तिनं टोपलीनं नाल्यात नेऊन टाकला होता. मला ते दिसत होतं. तरी मी लिहिलं, झाडलेला पाला पेटवल्यामुळे आग लागली. तिनं अंगठा दिला. गावानं तिचा मोह ज्यांचे जळले त्यांना वाटून दिला. माझं सांगणं ऐकलं, म्हणून तिचं झाड गेलं.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी नागभीडहून मुद्दाम गेलो. ती अंगणात बसली होती, नजर गेलेली. मी कोण ते सांगितलं.

"गार्डसाहेब? बसा जी. सुने, पाणी आन."

"बाई, त्या आगीचं बोलायचं होतं..."

तिनं हात जोडले. "माफ करजा जी. मले त झाडलेलंच आठोते. पन सारे म्हनतात, तुमीबी लिवलं. त मीच पेटवलं असन."

मी पाणी प्यायलो. म्हणालो, "जाऊ द्या, बाई." तिला माफ करून मी बसस्टँडवर आलो. खिशात सिगारेटचं पाकीट होतं, ते बाहेर काढवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेल्याचं कळलं. तिच्या अंगणात म्हणायचं होतं ते एवढंच होतं: बाई, तुम्ही झाडलं होतं. थोटूक माझं होतं. मला माफ करा.