डिकीतली जागा

बाडहूव्हडॉर्प या डच गावातल्या गाड्यांच्या शोरूममध्ये मी एकटाच फॅमिली एसयूव्ही बघायला गेलो होतो. मायलेज, एअरबॅग, मागच्या सीटची ऐसपैस जागा, व्हिडिओ बघून बघून सगळं तोंडपाठ झालं होतं.

शेजारी तीच गाडी एक सत्तरीचा डच माणूस बघत होता. बॉनेटला त्याने हातसुद्धा लावला नाही. डिकी उघडली, बायकोला हात देऊन काठावर बसवलं, स्वतः शेजारी टेकला आणि पिशवीतून चीज लावलेला ब्रेड काढून दोघं चक्क खायला लागली. तिचे पाय जमिनीला टेकेनात, तर ती लहान मुलीसारखी ते हलवत बसली.

मी टक लावून बघतोय म्हटल्यावर तो इंग्रजीत म्हणाला, "चालवायला सगळ्याच गाड्या बऱ्या असतात. आम्ही समुद्रावर जाऊन असेच बसणार, म्हणून बसून बघतोय."

लेकाचा, किती सुखी असावं माणसानं! मला त्याच्या ब्रेडचासुद्धा हेवा वाटला.

तेवढ्यात सेल्समनने विचारलं, "मिसेसना आवडली का गाडी?"

"फोटो पाठवलाय," म्हणत मी फोन उघडला. बायकोचं उत्तर येऊन पडलं होतं.

"तूच ठरव. मी काय, नुसती शेजारी बसणार."