दुंदवाडीचा लाँचवाला

कोयनेचं पाणी अडलं तेव्हा आकाराम चार वर्षांचा होता. गाव उठलं. चुलत्यांनी भांडीकुंडी ट्रकात घातली आणि सांगलीकडे, कवठे महांकाळच्या माळावर बिऱ्हाड हलवलं. आकारामच्या बापानं मात्र ट्रकात पाय ठेवला नाही. "माळावर काय दगडं खाऊ?" म्हणाला, आणि सात घरं सोबत घेऊन डोंगरात वर सरकला. रान तोडलं, नाचणीपुरती जागा केली, कुडाच्या भिंती उभ्या केल्या. वस्तीला दुंदवाडी नाव पडलं. खालचा रस्ता धरणात गेला आणि सात घरांना जगाशी जोडणारी एकच वाट उरली, पाण्यावरची.

आधी वल्ह्याच्या होड्या होत्या, मग डिझेलची लाँच आली. आकाराम एकोणिसाव्या वर्षी तिच्यावर दोर बांधायला लागला आणि तिशीच्या आत त्यानं सुकाणू धरलं. दुंदवाडी, समोरची पिसाडी आणि तिथून खाली बामणोली, ही त्याची रोजची फेरी. वाण्याचं सामान, मास्तर, नव्या नवऱ्या, शेळ्या, एकदा तर म्हैस, सगळ्यांना त्यानं पार केलं. कुणाला अडचण आली की काठावर बांबूला पांढरं धोतर बांधायचं, अशी रीत होती. धोतर दिसलं की आकाराम हातातला घास टाकून उठायचा.

श्रावणातली ती सकाळ होती. त्याची बायको साळूबाई दोन दिवस तापानं फणफणली होती, छातीत घरघर होती. तिला बामणोलीच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. तो दोर सोडायला खाली उतरला आणि पिसाडीच्या काठावर धोतर दिसलं. तसाच घरी परत आला.

"पल्याड कुणीतरी अडलंय," तो म्हणाला.

"मग जावा की," साळूबाई म्हणाली. "येताना मला घ्या. तवर प्रांजल हाय जवळ."

त्यांची लेक प्रांजल दहा वर्षांची होती.

पिसाडीतल्या हरणाबाईची सून बाळंतपणात अडली होती. घोंगडीत घालून तिला लाँचमध्ये ठेवली. आकारामनं लाँचचं तोंड दुंदवाडीकडे वळवलं, पण थोडं पुढं गेल्यावर सुनेचा आवाजच बंद झाला. हरणाबाईनं येऊन त्याचं मनगट धरलं.

"कुठं निघालास रं? बामणोली तिकडं!"

"घरी एक काम हाय, मावशी. अर्धा तास."

"अर्ध्या तासात पोर हाताला लागणार न्हाई. वळव, आकाराम. तुझ्या पाया पडते."

साळूबाई आजारी आहे, हे तो बोलला नाही. का बोलला नाही, हे पुढं त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. त्यानं सुकाणू फिरवलं. बामणोलीच्या धक्क्याला लागता लागता लाँचमध्येच मुलगी झाली आणि तिनं असा टाहो फोडला की धक्क्यावरची माणसं हसली. मग धुकं उतरलं. समोरचा हात दिसेना. दुपार टळेपर्यंत त्याला लाँच सोडता आली नाही.

तो घरी पोचला तेव्हा दारात बायका बसल्या होत्या. प्रांजल आईचा हात धरून बसली होती, तो सोडायला तयार नव्हती.

साळूबाईचे दिवस झाल्यावर हरणाबाई भेटायला आली तेव्हा तिला सगळं कळलं. ती उंबऱ्यातच बसली आणि तिथूनच परत गेली. पुढं तीन वर्षं ती त्याच्या लाँचमधून जायची यायची, पण त्याच्याकडे पाठ करून बसायची. उतरताना ती फळीवर काहीतरी ठेवून जायची, कधी भाकरी, कधी फणसाचे गरे. सुरुवातीला तो ते माशांना टाकायचा.

एका उन्हाळ्यात लाँचमध्ये ती दोघंच होती. मधोमध आल्यावर आकारामनं इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की हरणाबाईला मान वळवावीच लागली.

"मावशी, त्या दिशी मी सांगितलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

ती पाण्याकडे बघत म्हणाली,

"खोटं कशाला बोलू, बाबा? तरीबी बामणोलीलाच न्हे म्हणले असते."

आकारामनं मान हलवली. ती सावरून काही गोड बोलली असती, तर त्यानं तिला कधीच माफ केलं नसतं. त्यानं इंजिन सुरू केलं, आणि उतरताना तिनं ठेवलेली भाकरी त्या दिवशी खाल्ली.

मग वस्त्या रिकाम्या होत गेल्या. पोरं मुंबईला, पुण्याला गेली, म्हातारी माणसं देवाघरी गेली. प्रांजल नर्स झाली, मिरजेला एका दवाखान्यात लागली. डोंगराच्या अंगानं डांबरी रस्ता आला. दुंदवाडीत आकाराम एकटा राहिला आणि पिसाडीत हरणाबाई. रोज सकाळी तो रिकामी लाँच घेऊन पल्याड जायचा. ती धक्क्यावर आली तर ठीक, नाहीतर भोंगा वाजवायचा. वरून तिची हाक आली की परत फिरायचा. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात हरणाबाईला न्यायला तिची नात आली. जीन्स घातलेली, सव्वीस वर्षांची पल्लवी. पुण्यात नोकरी करायची. आकारामनं हरणाबाईची ट्रंक खांद्यावरून उतरवून लाँचमध्ये ठेवली. पल्लवी पाण्याचे फोटो काढत होती.

"आजोबा, किती वर्षं चालवताय हो?"

"झाली की. चाळीसच्या वर."

"माझा जन्म म्हणे लाँचमध्येच झालाय. हीच असेल का?"

"हीच," तो म्हणाला. "लय मोठ्यानं रडली होतीस."

पल्लवी हसली. हरणाबाईनं तोंड उघडलं, पण आकारामनं तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. बामणोलीला उतरताना म्हातारीनं त्याच्या गालावरून हात फिरवला. गाडी वळणाआड गेली तरी तो धक्क्यावर उभा होता. दुसऱ्या दिवशी सवयीनं तो पिसाडीला गेला, भोंगा वाजवला, वरून काही आलं नाही. त्याच महिन्यात फेरी बंद झाल्याचा सरकारी कागद आला.

प्रांजलनं त्याला मिरजेला नेलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लेक दिवसभर ड्यूटीवर. नळाचं पाणी पिताना त्याला चव लागत नसे. एकदा तो कवठे महांकाळला चुलतभाऊ बाळासोकडे जाऊन आला. बाळासोची द्राक्षाची बाग होती, घर भरलेलं होतं. "तवाच आमच्यासंगं यायला पायजे हुतं गड्या," बाळासो म्हणाला. आकाराम दुसऱ्याच दिवशी मिरजेला परतला. संध्याकाळी तो कृष्णाघाटावर जाऊन बसायचा. तिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

एका रविवारी तिथंच फोन वाजला. हरणाबाई होती.

"आकाराम, मी पोरीला सांगितलं. समदं."

"कशाला, मावशी?"

"माझं काय, आज हाय उद्या न्हाई. कुणाला तरी ठावं असाया पायजे. तुझ्या साळूचं नाव कुणी घ्यावं मग?"

फोन पल्लवीकडे गेला. मग ती म्हणाली, "आजोबा... मला काय बोलावं कळत नाही."

"नगं बोलूस," आकाराम म्हणाला. "ऐकतो हाय मी."

ती रडायला लागली. फोन कानाला धरून तो घाटाच्या पायरीवर बसून राहिला. रडू आवरल्यावर तिनं विचारलं, "कशा होत्या त्या?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. प्रांजलनंसुद्धा नाही.

"उंच हुती," तो म्हणाला. "माझ्यापरीस उंच. आणि पाण्याला लय भ्यायची."