नदीकाठी दोन रात्रींपुरती वीज

डॉक्टरांनी प्रश्न तिला विचारला नाही, मला विचारला.

"झोपेत यांचा श्वास मध्येच थांबतो का?"

मी म्हणालो, "मी बाहेर हॉलमध्ये झोपतो."

"कधीपासून?"

"सात वर्षं झाली असतील."

त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न तिला विचारला. बायको शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसली होती. आदल्या आठवड्यात जयनगरच्या एका सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. दिवा हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या आणि ती दचकून एका बाजूला पडली. गुडघा सोलवटला, त्यापलीकडे काही झालं नाही. पण त्याआधी कितीतरी महिने ती पेपर तपासताना पेंगत होती आणि जेवता जेवता थांबत होती. आम्ही सगळ्याला वय म्हणत होतो.

ती घोरायची. चामराजपेटेत आमच्या जुन्या घरी सगळेच घोरत, त्यावरून एकमेकांची थट्टा करत, त्यात कुणाला आजार दिसला नव्हता. जे. पी. नगरला स्वतंत्र घर झाल्यावर माझी सकाळची पाळी सुरू झाली. साडेपाचला कारखान्याची बस यायची. एका रात्री मी वैतागून उशी आणि चादर उचलली आणि दिवाणावर जाऊन झोपलो. पुढे ती सवयच झाली. बायको काही बोलली नाही, मीही विषय काढला नाही.

तपासणीत निघालं की झोपेत तिच्या घशाची वाट मिटते आणि श्वास अडतो, तासाला कित्येक वेळा. मग मशीन आलं. उशाशी ठेवायचा छोटा डबा, त्यातून निघालेली नळी, नाकावर बसणारा मास्क. डबा रात्रभर हवेचा दाब देत राहतो आणि घसा उघडा ठेवतो. महिन्याभरात तिचा चेहरा उजळला. मी मात्र बाहेरच झोपत राहिलो. आता कारण मशीनच्या आवाजाचं होतं.

बायको कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दर डिसेंबरात मुलांना घेऊन कावेरीकाठच्या रानात दोन रात्रींचं शिबिर भरवायची. तंबू, चुलीवरचं जेवण, दिवसभर झाडं बघत चालणं. तिथे वीज नव्हती. मशीन आल्यापासून दोन वर्षं तिने ते शिबिर दुसऱ्या मॅडमकडे सोपवलं होतं. तिसऱ्या वर्षी, निवृत्तीला चार महिने उरलेले असताना, ती एका संध्याकाळी भाजी निवडत म्हणाली, "या खेपेला मला जायचंय."

"आणि मशीन?"

"तेच तुम्हाला विचारतेय. तुम्ही आयुष्यभर कारखान्यात विजेच्या मोटारी चालवल्यात ना?"

चामराजपेटेत माझ्या ओळखीचे एक बॅटरीवाले होते. वय सत्तरीच्या पुढे, दुकान एका माणसाला आत वळता येईल एवढंच. मी मशीन पिशवीत घालून त्यांच्याकडे नेलं आणि सांगितलं, बायकोला दोन रात्री रानात हे चालवायचंय, इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी पाहिजे. त्यांनी आधी मशीनचा अडॅप्टर हातात घेतला, त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली आणि कन्नडमध्ये म्हणाले, "इन्व्हर्टर कशाला, स्वामी? बॅटरीची वीज तुम्ही घरच्यासारखी करणार, मग हा अडॅप्टर तीच परत बॅटरीसारखी करणार. दोनदा बदलण्यात बरीच वाया जाईल. सरळच देऊ या."

त्यांनी लिथियमची एक हलकी बॅटरी काढली, मशीनला लागेल तेवढा व्होल्टेज वाढवणारी डबी मधे जोडली, आणि किती शिल्लक आहे ते दाखवणारा छोटा मीटर बसवून दिला. मग मशीनच्या पोटातली पाण्याची टाकी दाखवून विचारलं, "हे काय?"

मी सांगितलं. त्यात पाणी कोमट होतं आणि नाकात जाणारी हवा ओलसर राहते, नाहीतर नाक कोरडं पडतं.

"म्हणजे आतमध्ये हीटर. बॅटरी खाणार ती हाच. रानात हा बंद ठेवा. अक्कांना सांगा, दोन रात्री स्वल्प सहन करा."

घरी आम्ही रंगीत तालीम केली. पहिल्या रात्री हीटर चालू ठेवून पाहिलं, तर पहाटे चारला मशीन बंद पडलं. दुसऱ्या खेपेला बंद ठेवला. सकाळी मीटरवर साठ टक्के शिल्लक होतं. दोन रात्री सहज निघणार होत्या. एवढ्या कष्टाने एखादी गोष्ट मी तिच्यासाठी कधी केली होती, ते मला त्या सकाळी आठवेना.

बॅटरी सांभाळायला मीही शिबिराला गेलो. पहिली रात्र बिनघोर गेली. आमचा तंबू मुलांच्या तंबूंपासून थोडा दूर होता. मशीन हलक्या आवाजात चालू होतं, बाहेर नदी. कितीतरी वर्षांनी मी तिच्या शेजारी झोपत होतो. सकाळी ती माझ्याआधी उठली, आणि मुलांना घेऊन पाण्याच्या कडेने निघाली. काठावर अर्जुनाची जुनी झाडं होती, तिकडचे लोक त्याला होळेमत्ती म्हणतात. त्याच्या पांढुरक्या खोडावर हात ठेवून ती बोलत होती आणि वीस पोरं वह्या उघडून उभी होती. मी लांबून पाहत होतो. तिला शिकवताना मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिच्या नाकातून थोडं रक्त आलं. थंडी कोरडी होती आणि आदल्या रात्रभर कोरडी हवा नाकात गेली होती. तिने रुमाल लावला आणि हसून सोडून दिलं. झोपताना मी म्हणालो, "आज हीटर लावू या."

"नको. पुरायची नाही."

"साठ टक्के आहे. अगदी कमीवर ठेवतो."

"अहो, बॅटरीवाल्यांनी सांगितलंय ना बंद ठेवा म्हणून?"

"त्यांना तुझ्या नाकाचं काय माहीत?"

ती दमली होती. तिने मास्क बांधला आणि कूस बदलली. मी हीटरचं बटण कमीवर फिरवून ठेवलं. आपण तिची काळजी घेतोय याचं मला बरं वाटत होतं, आणि त्याच समाधानात मला झोप लागली.

जाग आली ती घोरण्याने. तीन वाजून गेले असतील. मीटरवर काही उजेड नव्हता. तिने झोपेतच मास्क ओढून गळ्याशी आणला होता. मी टॉर्च लावायला हात पुढे केला, आणि घोरणं थांबलं.

मला वाटलं ती जागी झाली. हाक मारणार, तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात दिसलं की ती जागी नव्हती. तिची छाती वर जात होती, खाली येत होती, पोट ओढलं जात होतं, पण नाकातोंडातून काहीच आत जात नव्हतं. शरीर श्वास घ्यायची सगळी मेहनत करत होतं आणि श्वास नव्हता. मी मनात आकडे मोजू लागलो. वीसच्या पुढे गेलो. मग घशातून पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखा एक आवाज आला, सगळं अंग हललं, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. डोळे मिटलेलेच. थोड्या वेळाने परत तेच.

मी तिला तिसऱ्या खेपेला उठवलं. पहिल्याच खेपेला उठवायला हवं होतं. हात उचलत नव्हता एवढंच आठवतं.

"बॅटरी गेली?" तिने उठून बसत विचारलं.

"हो. माझ्यामुळे."

"जाऊ दे. पहाट होईलच आता."

आम्ही शाली गुंडाळून तंबूबाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. बसून तिला श्वासाचा त्रास होत नसे. मी म्हणालो, "तुझा श्वास थांबत होता. मी पाहिलं."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं की."

"सांगितलं होतं. मी पाहिलं नव्हतं. सात वर्षं आत तुझं हे चाललं होतं, आणि मी दार लावून बाहेर झोपलो होतो."

ती नदीकडे बघत म्हणाली, "तुम्ही उशी घेऊन गेलात ना, तेव्हा मी जागी होते. मला वाटलं, चला, यांची झोप तरी होईल. आणि वाईटही वाटलं. दोन्ही वाटलं."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? बाईने घोरावं म्हणजे लाजच. त्यानंतर कितीतरी रात्री मी भिंतीला टेकून बसून झोपायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. वाटायचं, आवाज बंद झाला तर तुम्ही परत आत याल."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण माझं सांत्वनही केलं नाही. ते बरोबरच होतं. हळूहळू ती खुर्चीतच पेंगली आणि उजाडेपर्यंत मी तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवून बसलो.

सकाळी मुलं चहा घेऊन आली तेव्हा मशीन तंबूच्या दारात पडलेलं होतं. एकाने विचारलं, "मॅडम, हे काय?" मला वाटलं ती टाळेल. तिने मशीन मांडीवर घेतलं आणि अर्जुनाची साल समजावली होती तशाच आवाजात सगळं सांगितलं, घोरणं, सिग्नलवरचं पडणं, कालची रात्र. चहा संपवून मुलं पांगली. नंतर एक मुलगी मागे रेंगाळली. "माझे अप्पा असंच करतात," ती म्हणाली. "मध्येच आवाज थांबतो. आम्ही म्हणतो, बरं झालं, थांबले एकदाचे."

बायकोने तिला जवळ बसवून घेतलं आणि कुठे, कुणाकडे न्यायचं ते तिच्या वहीत लिहून दिलं.

परत आल्यावर मी आत झोपू लागलो. सोपं गेलं नाही. मशीनच्या हवेच्या आवाजाने सुरुवातीला झोप मोडायची, आणि थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही की त्याहून जास्त मोडायची. त्या सात वर्षांबद्दल आम्ही पुन्हा फारसं बोललेलो नाही. बोलून ती परत येणार नाहीत, हे दोघांनाही कळतं.

तीनेक महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. अप्पांची तपासणी झाली होती, मशीनही आणलं होतं, पण ते मास्क लावायला तयार नव्हते. गुदमरतं म्हणत होते. त्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. गृहस्थ अंगापिंडाने भक्कम, ट्रान्सपोर्टच्या धंद्यातले, परक्या बाईशी घोरण्याबद्दल बोलायचं म्हणून अवघडून बसलेले. बायकोने आपलं मशीन सोबत आणलं होतं. तिने केस मागे बांधले, सगळ्यांसमोर मास्क चढवला, पट्टे आवळले आणि बटण दाबून पाच मिनिटं शांत बसून राहिली. खोलीत फक्त हवेचा आवाज होता. मग मास्क काढून ती त्यांना कन्नडमध्ये म्हणाली, "पहिले काही दिवस मीही फेकून द्यायची. आधी जागेपणी लावा. टीव्ही बघत लावा."

त्यांनी तो मास्क हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"सरी, बरं, अक्का," ते म्हणाले. "आज लावून बघतो."