अर्धा टॅकल

मनोहर देवस्थळींनी जन्मात कधी कुणाला पाडलं नाही. कराडला शाळेत असताना सगळी पोरं कबड्डीच्या मैदानात गुडघे फोडून घेत होती, तेव्हा जाड भिंगांच्या चष्म्यामुळे यांना कुणी संघात घेईना. शेवटी व्यायामशाळेच्या मास्तरांनी त्यांच्या हातात वही-पेन्सिल दिली आणि सांगितलं, "तू आपला गुणलेखक." झालं. लोक चढाई बघायचे आणि मन्या रेघा ओढायचा. अक्षर सुरेख, बेरीज चोख. तालुक्यात कुठेही सामने असले की देवस्थळ्यांच्या मन्याला बोलावणं येऊ लागलं.

सोळाव्या वर्षी त्यांच्या वहीचे तुकडे झाले. अंतिम सामना होता आणि शेवटच्या चढाईला त्यांचा सख्खा भाऊ गेला. हात लागला की नाही यावर रण माजलं. पंच गोंधळले आणि वहीत काय आहे ते बघू म्हणाले. वहीत गुण मांडलेला होता. मन्याने हात लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. पण गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "घरचा म्हणून दिला!" आणि पुढच्या मिनिटाला वही फाटली, चष्माही गेला. चष्मा आठवड्यात नवा आला. ते वाक्य मात्र कानात बसलं ते बसलंच. त्यानंतर जिथे शंका, तिथे घरच्याला कमी, हे त्यांच्या हाताला वळणच पडलं. हा नियम त्यांनी कधी कागदावर लिहिला नाही, त्यामुळे कुणी तो तपासलाही नाही.

पुण्याहून अठ्ठ्याण्णव साली ते अमेरिकेत आले. वूस्टरच्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी, शेजारच्या श्रूजबरीत घर, बायको वीणा आणि एकुलती एक मुलगी नेत्रा. म्हणजे नोकरीसुद्धा दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचीच मिळाली होती. घरात पाहुण्यांचा राबता असे आणि पाहुण्यांसमोर नेत्रा नेहमी मागे. तिच्याच वाढदिवसाच्या केकचा तुकडा तिला शेवटी मिळायचा. "ती काय, घरचीच आहे. तिला नंतर," असं मनोहरराव म्हणायचे आणि त्यात त्यांना मुलीचा अभिमानच वाटत असे. मुलीलाही तो तसाच कळत असेल, असं ते धरून चालले होते.

ही नेत्रा कॉलेज संपवून एका प्रयोगशाळेत लागली आणि घरी न विचारता वूस्टरमधल्या बायकांच्या हौशी रग्बी लीग क्लबात जाऊ लागली. वीणाने तिचे सोललेले कोपर बघितले आणि दोन दिवस अबोला धरला. मनोहरराव मात्र एका शनिवारी मैदानावर गेले आणि अर्ध्या तासात खेळाच्या प्रेमात पडले. तेरा-तेरा जणी, लंबगोल चेंडू, चेंडू फेकायचा तो मागेच. आणि चेंडू घेऊन धावणारीला खाली पाडलं की तो एक टॅकल. सहा टॅकल झाले की चेंडू दुसऱ्या बाजूला. म्हणजे पंचसुद्धा मोजतो आहे! असला खेळ जगात आहे आणि आपल्याला पंचावन्नाव्या वर्षी कळतो, याची त्यांना चुटपुट लागली.

क्लबची कोच डोना ही आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि संघ निवडायची नजरेने. जी जोरात धावते, जोरात ओरडते, ती आत. पुढच्या शनिवारी मनोहरराव फोल्डिंगची खुर्ची आणि वही घेऊन हजर झाले. प्रत्येकीपुढे तीन रकाने: पूर्ण, अर्धा, चुकला. एकटीने पाडलं तर पूर्ण. दोघी एकदम भिडल्या किंवा एकीने अडवलं आणि दुसरीने पाडलं, तर दोघींना अर्धा. हातातून निसटली तर चुकला. महिन्याभराने त्यांनी डोनापुढे तक्ता ठेवला. त्यात सगळ्यात वर नाव होतं केटलिनचं. जाडजूड, धापा टाकणारी केटलिन, जिला सगळे दयेपोटी खेळवत होते. ती एकही माणूस सोडत नव्हती.

"मॅनी," डोना म्हणाली, "ही तर मला दिसतच नव्हती."

तिथून पुढे संघ तक्त्यावर ठरू लागला. प्रतिस्पर्धी कुठून फुटतात, कोण दमल्यावर कच खातं, कुणाला उजवीकडून डावीकडे हलवायचं, सगळं मॅनीची वही सांगायची. तीन मोसमांत तळाचा क्लब वर आला. पोरी त्यांना मिठ्या मारायच्या. कराडच्या त्या फाटलेल्या वहीचं देणं फिटल्यासारखं त्यांना वाटायचं. नेत्रा डाव्या बाजूला खेळायची. चांगली खेळायची, पण तक्त्यात नेहमी मधेच कुठेतरी असायची.

दोन हजार अठराच्या मार्चमध्ये वीणाचं पोट दुखायला लागलं. एप्रिलमध्ये कॅन्सर कळला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी आशा दाखवली, पण मोजून-मापून. वीणाने त्या आधी एकही सामना बघितला नव्हता. पोटची पोर कुणाच्या अंगाखाली चिरडताना बघवणार नाही, म्हणायची. पण जुलै संपताना क्लब फायनलला पोहोचला तसं तिने जाहीर केलं, "मी येणार. एकदा बघू दे तरी, ही कार्टी एवढं करते तरी काय."

पुढच्या वर्षी बघ, असं तिला कुणी म्हटलं नाही.

फायनलला सतरा जणी घ्यायच्या होत्या, तेरा आणि बदली चार. गुरुवारी मनोहररावांनी मोसमाची बेरीज केली. सतरावी जागा केटलिन आणि नेत्रा यांच्यात अडली होती. केटलिनचा गुडघा त्या वर्षी धड नव्हता, त्यामुळे तीही घसरली होती. केटलिन साडेसत्त्याऐंशी टक्के. नेत्रा शहाऐंशी पूर्णांक आठ. जेमतेम पाऊण टक्का.

डोनाचा फोन आला. "मॅनी, तुझी मुलगी मला तर सगळीकडे दिसते. तू परत एकदा बघतोस का? आणि तुझी बायको येणार आहे ना?"

इथे एक वाक्य बोलायचं होतं. नुसतं 'बघतो' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मनोहररावांच्या कानात कराडचं मैदान घुमलं. ते म्हणाले, "तक्ता आहे तो आहे, डोना. माझी मुलगी म्हणून बदलणार नाही." फोन ठेवला तेव्हा त्यांची छाती भरून आली होती. आपण काहीतरी फार मोठं केलं, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं.

जेवताना नेत्राने सांगितलं, "आय ॲम एटीन्थ." वीणाने एकदा नवऱ्याकडे बघितलं. लेकीच्या भातावर तूप वाढलं आणि दमली म्हणून आत जाऊन पडली.

फायनलला वीणा डोक्याला स्कार्फ बांधून, ऐन ऑगस्टमध्ये मांडीवर ब्लँकेट घेऊन खुर्चीत बसली होती. सकाळभर पाऊस पडून गेलेला, मैदानाचा नुसता चिखल. अठराव्या नंबरच्या नेत्राने पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि खेळ थांबला की ती आत धावायची, एकेकीला पाणी पाजायची आणि बाहेर पळत यायची. मनोहररावांची पेन्सिल चालू होती. मध्यंतराला वीणा म्हणाली, "पाणी छान देते हो."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

क्लब जिंकला. केटलिनने शेवटच्या मिनिटाला एकीला गुणाच्या रेषेवर लोळवलं आणि तक्ता खरा ठरला. पुढे गणपतीच्या आरतीनंतर मंडळात ही गोष्ट निघाली, म्हणजे मनोहररावांनीच काढली. "स्वतःच्या मुलीला बसवलंत? याला म्हणतात तत्त्व, काका!" कुणीतरी म्हणालं. नेत्रा तिथेच प्रसादाच्या वाट्या भरत होती. तिने एक वाटी त्या माणसाच्या हातात दिली आणि पुढे गेली.

वीणा फेब्रुवारीत गेली. मे महिन्यात नेत्राने पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूला नोकरी घेतली आणि बूट क्लबातल्याच एका नव्या मुलीला देऊन टाकले. त्यानंतर ती कधी खेळली नाही. दर रविवारी फोन यायचा. "हाय बाबा, ऑल गुड? गोळ्या घेताय ना? ओके, टेक केअर." भांडण नाही, रुसवा नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

गेल्या वर्षी डोनाने फ्लोरिडाला जायचं ठरवलं आणि गॅरेज आवरताना जुन्या सामन्यांच्या चित्रणाची एक हार्ड डिस्क मनोहररावांना आणून दिली. ते तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी ती लावली ती खेळासाठी नव्हे. फायनलच्या दिवशी कॅमेरा कधीतरी कडेच्या खुर्च्यांवर फिरला असेल आणि ब्लँकेट घेतलेली वीणा दिसेल, एवढ्याचसाठी. दिसली. चार सेकंद. ती खेळाकडे नव्हतीच बघत. बाटल्या घेऊन धावणाऱ्या नेत्राच्या मागे तिची मान फिरत होती. मनोहरराव ती चार सेकंदं दुपारभर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याआधीचे सामने लावले. उपांत्य सामनाही चिखलातलाच. सगळ्या पोरी एका रंगाच्या, पाठीवरचे नंबर गेलेले. हाताला चाळा म्हणून त्यांनी एका कागदावर रेघा ओढायला घेतल्या. डाव्या बाजूला एकीने धावणारीला कमरेत धरलं, फरफटत गेली, पण सोडलं नाही. दुसरीने येऊन पाडलं. दोघींना अर्धा, त्यांनी लिहिलं. मग ती पहिली उठली आणि तिने कोपराच्या आतल्या बाजूने कपाळावरचे केस मागे सारले.

नेत्रा होती ती.

त्यांनी जुनी वही काढली. तोच सामना, तेच मिनिट. नेत्रापुढे 'चुकला'. पाडणारीपुढे मात्र 'अर्धा', ठसठशीत.

मग त्यांनी अख्खा मोसम पुन्हा मोजला. अकरा दिवस लागले. एकेक टॅकल दहा-दहा वेळा मागे नेऊन बघितला. त्या वर्षी नेत्राच्या नावावर सतरा 'चुकले' होते. त्यातले अकरा असे होते, की दुसऱ्या कुठल्याही मुलीचे असते तर त्यांनी डोळे झाकून अर्धे लिहिले असते. केटलिनला तसे नऊ मिळाले होते. नेत्राचे ते अकरा अर्धे धरले की टक्के होत होते पंच्याण्णव. संघात तिसरी. अठरावी नव्हे, तिसरी. डोनाच्या नजरेला जे दिसत होतं ते वहीला दिसलं नव्हतं, कारण वही धरणाऱ्याला ते बघायचंच नव्हतं.

आयुष्यभर ज्याला सचोटी म्हटलं ती भीती होती, हे त्या माणसाला चौसष्टाव्या वर्षी कळलं. कराडच्या गर्दीतल्या एका अनोळखी माणसाच्या भीतीने त्यांनी बायकोची शेवटची इच्छा मोडली होती. ते टेबलावर डोकं टेकून रडले. मोठ्याने रडले. ऐकायला घरात होतं कोण?

रविवारी नेत्राचा व्हिडिओ कॉल आला. मनोहररावांनी नवा तक्ता छापून हातात धरला होता. प्रस्तावना पाठ केली होती, ती सगळी विसरली.

"नेत्रा, मी चुकलो," ते म्हणाले. "अठरा सालची फायनल. तू टीममध्ये हवी होतीस. मी परत मोजलं. तू तिसरी होतीस गं. पंच्याण्णव टक्के." आणि त्यांनी तक्ता कॅमेऱ्यासमोर धरला. तो इतका जवळ धरला होता, की तिला काही वाचता येत नव्हतं.

"बाबा, पुट इट डाऊन," ती म्हणाली. "आय नो."

"काय?"

"आय न्यू देन. एव्हरीबडी न्यू. पोरी मला म्हणायच्या, युवर डॅड इज टफ ऑन यू. आय कुड काउंट टू, यू नो. तुमचीच मुलगी आहे."

"मग बोलली का नाहीस? त्याच दिवशी सांगायचं होतंस. आई होती तोवर..."

नेत्रा म्हणाली, "मी भांडायलाच येणार होते, त्या गुरुवारी. आई स्टॉप्ड मी. तिला मी सांगितलं होतं सगळं. ती म्हणाली, नको. त्यांना ते सहन नाही व्हायचं. शी सेड, मी गेल्यावर त्यांच्याकडे ती वहीच राहणार आहे, ती तरी राहू दे."

हातातला तक्ता मनोहररावांनी खाली ठेवला.

"शी वाँटेड टू सी मी प्ले, बाबा. शी रिअली डिड." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "आय वॉज सो मॅड अॅट यू. सहा वर्षं."

"आता मी काय करू, सांग. डोनाला कळवतो. क्लबला पत्र लिहितो. सगळ्यांना सांगतो की..."

"नको, बाबा. कुणाला नका सांगू." तिने कोपराच्या आतल्या बाजूने डोळे पुसले आणि हसायचा प्रयत्न केला. मग लहानपणापासून ऐकलेलं ते वाक्य तिने स्वच्छ मराठीत म्हटलं.

"मी काय, घरचीच ना. मला नंतर."