लाल दिवा चालू असताना

कार्यक्रमाच्या पाहुण्यांनी आपला पंजा माझ्या हातावर ठेवला आणि दाबला. माझ्या हाताखाली फोनचा आवाज कमी-जास्त करण्याची सरकपट्टी होती. आम्ही तिला फेडर म्हणतो. त्यांच्या दोन बोटांत अंगठ्या होत्या. त्या माझ्या हाडांवर रुतल्या. फेडर तळाला गेला आणि माझ्या भावाचा आवाज बंद झाला.

लाल दिवा चालू होता. म्हणजे आमचा शब्द न् शब्द त्याच क्षणी रेडिओवरून लोकांच्या घरात जात होता. ते माइककडे वाकले आणि हसत म्हणाले, "डोंगरातला फोन आहे. रेंज गेली असेल."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या घोटलेल्या, स्वच्छ आवाजात म्हणाले, "तांत्रिक कारणामुळे संपर्क तुटला आहे."

मी म्हणाले. मीच.

गाणं लावलं. दिवा विझला. ते उठले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. एकदा सुलट हाताने, एकदा उलट. हेडफोन गळ्यात लोंबकळला. ओठ फुटला.

"तुना भाऊ शे ना तो?" त्यांनी विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

काचेपलीकडे आमचे केंद्रप्रमुख उभे होते. त्यांनी पाहिलं. मग मान खाली घालून मोबाइल बघत राहिले. गाणं संपायच्या आत ते आत आले, ते पाहुण्यांसाठी चहा घेऊन.

पाहुण्यांना सगळे आबा म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या पाड्याच्या खाली, त्यांची केळीची बाग आहे. पाड्यातली निम्मी माणसं तिथं राबतात. माझा भाऊही. कापलेले घड खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायचे, हे त्याचं काम. त्या गुरुवारी सकाळी आमच्या स्थानिक रेडिओवर विषय होता, शेतीला मजूर का मिळत नाहीत. आबा सांगत होते, डोंगरातला माणूस चार दिवस काम करतो आणि आठ दिवस मोहाची पिऊन पडतो. मी तीनदा "बरोबर, आबा" म्हणाले होते.

मला तिथं घेतलं ते पावरी, अहिराणी आणि मराठी या तिन्ही भाषा येतात म्हणून. पण रेडिओवर माझं फक्त पहिलं नाव जायचं. आडनावाची गरज नाही, श्रोत्याला आवाज लागतो, असं केंद्रप्रमुख म्हणाले होते. मला ते आवडलं होतं. हे लपवून उपयोग नाही. धुळ्याला शिकत असताना माझे उच्चार ऐकून वसतिगृहातल्या मुली हसायच्या. मी वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून पुस्तकं मोठ्याने वाचली. दोन वर्षं वाचली. जिभेवरून डोंगर खरवडून काढला.

माझ्या भावाने काही खरवडलं नव्हतं. आमच्यात माणूस चारचौघांत बोलायला उभा राहिला, की आधी आपली ओळख सांगतो. बापाचं नाव, आजाचं नाव, पाडा, आणि समोर नात्याचं कुणी बसलं असेल तर तेही. त्याशिवाय बोलणं धरत नाहीत. निनावी बोलणं म्हणजे चोराचं बोलणं. रेडिओवर फोन करणाऱ्यांना आम्ही सांगतो, नाव-गाव नको, थोडक्यात बोला. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. तो पाड्यात उभं राहून बोलावं तसा बोलला, बाजारच्या अहिराणीत.

"मी दितल्या. रेमसिंगना पोऱ्या, खजानना नातू. डोंगरवरला पाडाना. आनि जी बाई आठे बोलस, ती मनी बहीण शे."

त्याच्या आवाजात अभिमान होता. मी घाबरले. तेव्हा मला भीती कसली वाटली? त्याच्या जिवाची नाही. माझं बिंग फुटलं, याची.

मग त्याने सांगितलं. आबांच्या बागेत मुकादम नळीने मारतो. बरोबर राबणाऱ्या रेल्याला मारलं, त्याचा हात मोडला. काल दुपारपासून तो पंपघरात कोंडलेला आहे. कुणीतरी या, त्याला दवाखान्यात न्या.

इथं तो पंजा माझ्या हातावर आला.

त्याच दुपारी आबांच्या चार माणसांनी माझ्या भावाला पंपघराजवळच्या विजेच्या खांबाला बांधलं. ठिबकच्या जाड नळ्या होत्या आणि घड कापायचा कोयता होता. कोयत्याची मागची बाजू वापरली. पहिला घाव तोंडावर. जबडा तुटला. मग बरगड्या. मग गुडघे. बाकीच्या माणसांना मुकादमाने कापणी थांबवू दिली नाही. माझा भाऊ मार खात होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी घड उतरत होते. त्याच्या अंगावरून माणसं घड घेऊन जात होती. त्यांत माझा चुलता होता. हे चुलत्यानेच मला सांगितलं. सांगताना तो आपल्या खांद्यांकडे बघत होता.

रेल्याला त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरवरून आणून पाड्याच्या कडेला टाकलं. त्याचा हात अजून वाकडा आहे, पण तो जिवंत आहे. माझ्या भावाच्या अर्ध्या फोनने तेवढं केलं.

भावाला दवाखान्यात नेलं, तिथं कागदावर लिहिलं, ट्रॉलीवरून पडून जखमी.

शुक्रवारी दवाखान्यात त्याला बोलता येत नव्हतं. तोंडाच्या जागी काळं-निळं मांस होतं. त्याने बोट कानाला लावलं, मग माझ्याकडे केलं. पुन्हा कानाला. त्याला विचारायचं होतं, लोकांनी ऐकलं का. मी म्हणाले, बठ्ठास्नी ऐकं, सगळ्यांनी. त्याने डोळे मिटले.

तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला. मी बाहेरच्या बाकावर जाऊन घेतला.

"मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण रविवारी कार्यक्रम पुन्हा लागणार आहे. तो फोन काढून टाका. जोड कळता कामा नये. तुमच्याइतकी सफाई कुणाकडे नाही."

शनिवारी दुपारी भाऊ मेला. संध्याकाळी जाळला.

रविवारी सकाळी मी केंद्रात गेले. सुट्टीमुळे कुणी नव्हतं. ध्वनिमुद्रण पडद्यावर उघडलं. माणसाचा आवाज तिथं रेघांचा दिसतो. श्वास बारीक, शब्द जाड. तीन वर्षं मी हे काम केलं होतं. म्हाताऱ्यांचा खोकला कापला. बायकांचे हुंदके कापले. शिव्या कापल्या. कुणी एखाद्या मोठ्या माणसाचं नाव घेतलं की तेही कापलं, आणि दोन तुकडे असे जोडले की जणू ते नाव कधी उच्चारलंच गेलं नव्हतं. मुकादम नळीने करतो ते काम मी खुर्चीत बसून करत होते. माझ्या हाताला रक्त लागत नव्हतं एवढंच.

मी दाराला आतून कडी घातली. टेबल सरकवून दारामागे लावलं. लाल दिवा लावला आणि माझ्या डोंगराच्या उच्चारात बोलले.

"गुरुवारी संपर्क तुटला नव्हता. तोडला होता. बोलणारा माझा भाऊ होता. त्याला बांधून मारलं. काल तो मेला. आता ऐका."

आणि सगळा कार्यक्रम लावला. न कापता. "बरोबर, आबा" सकट.

भावाचा आवाज संपला तेव्हा दारावर लाथा सुरू झाल्या होत्या. मी तो भाग पुन्हा लावला. आबांचा पुतण्या होता आणि आणखी दोघं. दार हललं नाही म्हणून त्यांनी काच फोडली. पुतण्याने केस धरून मला खुर्चीतून ओढलं आणि माझं तोंड यंत्राच्या कडेवर आपटलं. दोन दात गेले. दुसऱ्यांदा आपटायला त्याने हनुवटी धरली, तेव्हा त्याचा अंगठा माझ्या तोंडात आला. मी उरलेले दात मिटले. हाड लागलं. तो गुरासारखा ओरडला. माइक चालू होता. तेही लोकांच्या घरात गेलं.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला. नोकरी गेली. पण अर्ध्या तालुक्याने ऐकलं होतं आणि अनेकांनी मोबाइलवर उतरवून घेतलं होतं, म्हणून आबा आणि त्यांच्या माणसांवर दुसरा गुन्हाही दाखल करावा लागला. खुनाचा.

हे लिहायला मला एक अख्खा पावसाळा लागला. मधल्या काळात आमच्यातले चार वडीलधारे घरी येऊन बसले. बसून मिटवू, म्हणाले. बाग बंद झाली तर पाड्याने कुठं जायचं, म्हणाले. त्यांत चुलता होता. आई चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. मी चुलत्याला म्हणाले, नाना, तुम्ही घड वाहत राहा, मी तुम्हाला काही बोलणार नाही. पण मी मिटवणार नाही. ते उठून गेले. आता आमच्याकडे कुणी येत नाही.

माझा वकील सांगतो, साक्षीत फेडर दाबणारा हात आबांचा होता एवढंच सांगा. बाकी सांगितलं तर समोरचे तुम्हालाच फाडून खातील. खाऊ देत. फोन कुणी तोडला, असं विचारतील तेव्हा मी आधी माझं नाव सांगेन, आडनावासकट. मग सांगेन, वरचा हात त्यांचा होता. खालचा माझा होता. मी तो ओढून घेतला नाही, आणि नंतर खोटं बोलले.

दोन्ही लिहून घ्या.