आत्यांचं स्टेशन

माझ्या बायकोच्या आत्यांना गप्प बसवणारा माणूस मावळात अजून जन्माला यायचा आहे; आणि चुकून आलाच, तर आत्या त्यालाच चार शब्द सुनावून, वर चहा पाजून परत पाठवतील. आमच्या लोणावळ्याच्या एफएम स्टेशनचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्यात मालक, मनोरा, परवाना हे सगळं ओघानं येईलच. पण खरं स्टेशन म्हणजे आत्या. मी तिथं जाहिराती आणायचं काम करत होतो, तेव्हा हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगतोय, जावई म्हणून नव्हे.

स्टेशन काढलं होतं तुंगार्लीतल्या एका हॉटेलवाल्या शेठनी. आवाज घुमू नये म्हणून त्यांनी बंगल्यातल्या एका खोलीच्या भिंतींना हॉटेलातल्या जुन्या गाद्या ठोकल्या. त्यामुळे तिथं बोलायला बसणाऱ्या पोरांना झोप यायची. त्या पेंगत्या पोरांपैकी एकानं एकदा कुरवंड्याचं नाव असं काही उच्चारलं, की टाकव्याच्या आत्या, ज्यांचं माहेर कुरवंडं, तडक एसटी पकडून तुंगार्लीला आल्या. "आमच्या गावाचं नाव तोंडात बसत न्हाई, आन् गाणी कसली लावता?" असं त्या विचारत होत्या, तेव्हा माईक चालूच होता. सगळ्या मावळानं ते ऐकलं. फोन इतके आले, की शेठनी दुसऱ्या दिवसापासून सकाळचा कार्यक्रम आत्यांनाच देऊन टाकला.

डोक्यावरच्या पदरावरून हेडफोन चढवून आत्या बसल्या, की कुठल्याही नियमाची धडगत नसे. खासगी स्टेशनला बातम्या द्यायची परवानगी नाही, हे मी त्यांना परोपरीनं समजावलं होतं. तरी एका सकाळी त्यांनी टाकव्यातल्या कुणाची तरी म्हैस हरवल्याचं खणखणीत आवाजात जाहीर केलं. मी काचेपलीकडून हातवारे करू लागलो, तर आत्या माईकमध्येच म्हणाल्या, "जावईबापू, ही बातमी न्हाई, ही म्हैस हाय." म्हैस दुपारी सापडली. एखाद्या पोरानं फोन करून 'खास व्यक्तीसाठी' गाणं मागितलं, की त्या म्हणत, "लावते की. पन पोरगी कुनाची?" निम्मे फोन तिथंच कट व्हायचे. जाहिरातींचं तर विचारूच नका. 'खिडकीतून डोंगराचं विलोभनीय दृश्य' असं वाचून झाल्यावर त्या स्वतःच्या मनानं जोडायच्या, "दिसतो, धुकं नसलं तर." ज्याची जाहिरात होती तो हॉटेलवाला माझ्या अंगावर धावून आला, आणि पुढच्या आठवड्यात म्हणाला, गिऱ्हाइकं वाढलीत, आत्यांनाच वाचू दे.

पुढं शेठ थकले आणि त्यांनी स्टेशन मुंबईच्या एका कंपनीला विकलं. कंपनीचा साहेब आला. गोरागोमटा, नम्र, आणि दर वाक्यात 'एनर्जी' म्हणणारा. त्यानं आत्यांना सांगितलं, की गावाकडचे फोन बंद करा, थोडं हिंदी-इंग्रजी मिसळा, पर्यटकांना आवडेल असं बोला. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी जेवला का?" साहेबाला वाटलं, बाईंनी ऐकलं.

मग तो रविवार आला. धरणाच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या अशा तुंबल्या होत्या, की माणसं दारं उघडून कणसं खात बसली होती. स्टेशनात नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात चालू होती आणि फोन वाजला. कुरवंड्याच्या बाजूच्या ठाकरवाडीतला एक माणूस होता. "आत्या, आमी पांढऱ्या जीपमदी हितं मधीच अडकलोय. बायकूला कळा सुरू झाल्यात. म्होरं कोन सरकंना."

आत्यांनी जाहिरात तिथंच तोडली. "गाडीत रेडिओ लावून बसलेल्यांनो, ऐका! मागून पांढरी जीप येतीय, आत बाळंतीण हाय. समदी डाव्या अंगाला व्हा." मग मुंबईकरांसाठी त्यांनी त्यांची हिंदी काढली, "जो लोग कणीस खाता है, वो कणीस नीचे रखो और गाडी बाजू में लेव! हाँ, लाल गाडीवाला, तुमकोही बोलती मैं!" लाल गाडी त्यांना दिसत नव्हती, पण रस्त्यावरच्या जितक्या लाल गाड्या होत्या, तितक्या सगळ्या दचकून सरकल्या, असं नंतर कळलं. जीप दवाखान्यात पोचेपर्यंत आत्यांनी माईक सोडला नाही. संध्याकाळी फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तेव्हा कुठं आत्या खुर्चीत मागं टेकल्या.

सोमवारी साहेब आला. जाहिरातदार भडकले होते. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच आत्यांनी माफी मागावी, नाहीतर कार्यक्रम बंद, असं त्यानं सांगितलं. आवाज मात्र नम्रच होता. आत्यांनी पदर सारखा केला, हेडफोन चढवला आणि मावळाला सांगितलं, "राम राम मंडळी. काल मी एक जाहिरात तोडली. तिची माफी मागायला सांगितलंय. न्हाई मागत. उद्या कुनाची बायकू अडली, तर उद्याबी तोडीन. आता माझी चप्पल कुटं हाय ते बघते." आणि त्या उठल्या. साहेब धावत जाऊन बटण शोधत होता. तोवर मावळात सगळीकडे फक्त चपला शोधल्याचा आवाज ऐकू जात होता.

थोड्याच दिवसांत इथली गाद्यांची खोलीही बंद झाली. आता त्याच नंबरवर मुंबईहून गाणी येतात. आत्या टाकव्यात असतात, भाताच्या खाचरात कामाला आलेल्या बायकांवर ओरडतात.

परवा त्यांना दवाखान्यातून घरी सोडत होतो. गाडीतला रेडिओ लागला. मुंबईतली कुणी मुलगी खिदळत सांगत होती, "लोणावळ्यात आज मस्त धुंद पाऊस!" बाहेर लख्ख ऊन होतं. मी बंद करायला हात पुढं केला, तर आत्यांनी तो धरला.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू. बिचारी येकटीच बोलतीय. कुनीतरी ऐकाया पायजे."

मग रेडिओकडे किंचित वाकून, मला ऐकू येणार नाही अशा बेतानं हळूच म्हणाल्या, "ऊन पडलंय गं हितं, बाई."